बारा बाटल्यांची दिलगिरी

बारा बाटल्या म्हणजे उन्हाळ्याचे बारा शनिवार. दर शनिवारी न्हाणं उरकलं की स्वतः बनवलेल्या बिअरचा एक गार पेला. वॉर्ड कार्यालयातून निवृत्त झालेल्या हिरोओका यांना एवढाच लाभ अपेक्षित होता. जपानी कायद्याने घरच्या बिअरमध्ये मद्यार्क एक टक्क्याच्या आत असावा लागतो. त्यांनी तो पाऊण टक्क्यावरच रोखला होता.

बाटल्या भरताना प्रत्येकीत फेसापुरती एक चमचा साखर घालायची होती. ती त्यांनी घातली. मागाहून पत्नी तामिए हिनेही घातली. ‘विसरलात का?’ असे विचारणे म्हणजे चूक दाखवणे. चाळीस वर्षांच्या संसारात असा उद्धटपणा त्या घरात झालेला नव्हता.

चौथ्या दिवशी पहिली बाटली फुटली. बूच छतात रुतले.

“अहो, आवाज गल्लीभर गेला. माफी मागायला जायला हवं.”

“रिकाम्या हातानं?”

दोघांनी उरलेल्या अकरा बाटल्यांकडे पाहिले.

अकरा घरांनी त्या कमरेत वाकून स्वीकारल्या आणि न उघडताच दुसऱ्या दिवशी “वा, काय चव!” असे कळवले. शुक्रवारी शेजारच्या शिओमीकाकूंची फुटली. त्या टॉवेल वाटत दारोदार माफी मागत फिरल्या. टॉवेल मिळालेल्यांना परतफेड करणे भाग. हाताशी होती ती बाटली. अशा रीतीने ज्याची फुटे, त्याला लगेच दुसरी मिळे. अखेर गल्लीसमितीने घरोघर फिरवल्या जाणाऱ्या फलकावर सूचना काढली : ‘बाटली फुटण्यापूर्वीच माफी मागून घ्यावी. वाचल्याची खूण म्हणून आपला शिक्का मारावा.’ सर्वांनी शिक्के मारले.

महिनाअखेर एकच बाटली शिल्लक उरली. समितीचे अध्यक्ष नुमाता ती भारी कागदात गुंडाळून हिरोओकांकडेच घेऊन आले.

“अगदीच क्षुल्लक वस्तू आहे हो.”

“छे छे, कशाला एवढा त्रास!” कागदातूनही बाटली ओळखून हिरोओकांच्या तोंडाला पाणी सुटले.

“उघडा ना,” तामिए कुजबुजली. “एक घोट तरी घ्या तुमच्या हातचा.”

“देणाऱ्यासमोर? अगं, शोभतं का!”

हिरोओका वाकले. नुमाता त्याहून खाली वाकले. मग हिरोओका आणखी खाली. मध्ये बाटली शीळ घालू लागली. तिचा उल्लेख करणे कोणालाच सभ्य वाटेना. सतराव्या नमस्काराला ती फुटली.

“चूक माझीच!” दोघे एकदम म्हणाले, आणि अजून वाकलेलेच आहेत.

एकंदर हिशेब : बाटल्या बारा, टॉवेल एकशे दहा. भुर्दंड सर्वांना. बिअर प्यायली ती फक्त छतांनी.

हसताय? तुमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, पुढे कोणालातरी द्यायला जपलेली एक न उघडलेली भेट आहे. तिला जरा कान लावून पाहा.