ट्रकला चावणारे शालिकभाऊ

शालिकभाऊ ट्रकला चावतात. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. कारंजा घाडगेला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते. मी शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ भेटेपर्यंत मला ते येतं, असंही वाटत होतं.

बिघडलेला ट्रक आला की भाऊ हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढतात. टोक चालू इंजिनाला टेकवतात, लाकडी मूठ दातांत घट्ट धरतात आणि डोळे मिटतात. मिटतामिटता ड्रायव्हरनं तोंड उघडलेलं दिसलं की हात वर. "चूप! बोलून राह्यला तो." मिनिटभरानं मूठ सोडून निकाल देतात, "तीन नंबरचा वाल्व्ह ढिला हाय." आणि तो ढिलाच असतो. दोन-दोन राज्यं ओलांडून आलेले ड्रायव्हर याला सिद्धी म्हणतात. भाऊ त्यांना म्हणू देतात.

"कानाले भुलवता येते मॅडम, हाडाले नाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. "हवा लय लुच्ची. आवाज देला तं अर्धा रस्त्यातच सांडते. लोखंड सीधा माणूस. जेवढा देला तेवढा पोचवते." आवाज हवेपेक्षा लोखंडातून कितीतरी वेगानं जातो, हे मीही पुस्तकात वाचलं होतं. हवेच्या चारित्र्याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हतं.

घरात सगळं बोलणं भाऊंच्या बायकोकडे, सुभद्रावहिनींकडे. त्या सकाळी सुरू होतात त्या दिवे लागेपर्यंत. भाऊ नुसती मान हलवतात. सुखी संसाराची याहून सोपी कृती मी पाहिली नव्हती.

एकदा मी भाऊंना सातवीच्या वर्गावर नेलं. चूक माझीच. त्यांनी खिचडीचे चमचे वाटले. दांडी दातांत, दुसरं टोक बाकाला आणि दोन्ही कानांत बोटं. मग स्वतः बाकामागून फिरत एकेका बाकावर हळूच नख ओढू लागले. "मॅडम, दातात वाजते!" पोरं चमच्यासकट ओरडली. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात. अख्खी सातवी कानात बोटं घालून बाकं चावते आहे, हे दृश्य कोणत्याही शिबिरात त्यांना दाखवलेलं नसावं. "हा कोणता उपक्रम?" त्यांनी विचारलं. भाऊंची त्यांच्याकडे पाठ होती. सरांनी तीनदा विचारलं, शेवटी ओरडून. भाऊ वळलेसुद्धा नाहीत. सर तणतणत निघून गेले. माणूस उद्धट आहे, असं त्यांना वाटलं. खरं सांगते, मलाही वाटलं.

त्या संध्याकाळी मी पुढचा पाठ काढायला बसले. आवाजाच्या लहरी कानाचा पडदा हलवतात, पडदा तीन चिमुकली हाडं हलवतो, तिथून थरथर आतल्या गोगलगाईसारख्या नळीत पोचते. पण आपला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही थेट आत जातो. म्हणून पडदा फाटलेल्या माणसाला जग दबकं ऐकू येतं आणि स्वतःचा आवाज मोठा वाटतो. असा माणूस हळू बोलतो.

माझं पेन थांबलं. हायवेवरचे सगळे मिस्त्री बोंबलतात आणि शालिकभाऊ देवळात बोलल्यासारखे बोलतात. मी त्याला सभ्यपणा समजत होते. विज्ञान शिकवते म्हणे!

दुसऱ्या दिवशी समोर उभी राहून विचारलं. भाऊ माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"लहानपनापासून वाह्यते कान. आता दोन्ही पडदे गेले."

"मग नागपूरला दाखवा. मशीन मिळतं."

"अन् मंग? कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीपाशी गाडी कोन देईन? कोनाले सांगू नका मॅडम. पोट हाय यावर."

मी कबूल केलं. तेव्हापासून कोणी ड्रायव्हर भाऊंच्या पाठीमागून बोलू लागला, की मीच खिडकीतून ओरडते, "समोर येऊन बोला, भाऊ ध्यानात आहेत!" सिद्धीचं काम असं दोघांत वाटलं गेलं.

मागच्या रविवारी दुपारी विरजण मागायला गेले. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर मांडी घालून बसले होते. मधे भाकरी उलटायचा लांब सराटा. दांडी भाऊंच्या दातांत, पातं वहिनींच्या. आणि वहिनी दात न उघडता भांडत होत्या. कोथिंबीर विसरल्याबद्दल.

मला पाहून त्यांनी सराटा सोडला, पदर ओढला. "पाहा मॅडम, म्हातारपनी काय हे! रोज दुपारी बसवते मले."

"पण वहिनी, तुमच्या ओठांवरून कळतंच की त्यांना सगळं."

उत्तर भाऊंनी दिलं. त्यांनी माझे ओठ वाचले होते.

"ओठावरून कोथिंबीर समजते मॅडम. आवाज नाई समजत. इंजिनचे सारे आवाज ध्यानात हाय मले. हिचा इसरून राह्यलो होतो."

मशीनचं पुन्हा काढावं, मी बघते, मी सोबत येते, असं काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं. तोवर वहिनींनी सराट्याचं पातं पदरानं पुसलं आणि पुन्हा दातांत धरलं. भाऊंनी डोळे मिटले, माझ्याकडे हात वर केला.

"चूप मॅडम. बोलून राह्यली ते."