सोलापूरला कोण असतं?

विमानशाळेच्या छोट्या विमानात बसवलेलं नवं जीपीएस यंत्र चांगल्या वळणाचं होतं, त्यामुळे निघालेल्या माणसाला ते 'कुठे' असं कधीच विचारत नसे. निघताना कुणी 'कुठे' म्हणून हटकलं की काम होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "लांब का?" एवढंच विचारून ते गप्प बसे.

तेव्हा यंत्र शिकायचं म्हणजे बोलता बोलता गावाचं नाव काढायला शिकायचं. "बटणं दाबून गाव सांगू नकोस, त्याला तो उद्धटपणा वाटतो," शिकवणारे कॅप्टन शेवडे म्हणत. "कुणाची तरी आठवण काढ." मग निशिगंधा खराडे म्हणे, "नांदेडच्या काकूंना बरेच दिवस भेटले नाही हो." लगेच हेडफोनमधून "काकू बऱ्या आहेत ना?" अशी चौकशी होई आणि पडद्यावर नांदेडपर्यंत गुलाबी रेघ उमटे.

निशिगंधाचा विमानावर हात चांगला बसला होता, पण नात्यागोत्यात ती कच्ची. जळगावला आत्या की मामी, यात गडबडून ती दोनदा नापास झाली होती. आता नापास झाली की शाळेतून नाव कमी होणार आणि ती भावाच्या बियाण्याच्या दुकानात बसणार, असं घरी ठरून गेलं होतं. तिला ते दुकान मुळीच नको होतं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बिराजदार शेजारी येऊन बसले, पट्टा आवळला आणि म्हणाले, "सोलापूर."

सोलापुरात निशिगंधाला काळं कुत्रंही विचारणार नव्हतं.

"लांब का?" यंत्रानं विचारलं.

"हो, जरा लांबच. सोलापूरला ना, आमचे चुलत सासरे असतात."

"लग्न कधी झालं?" यंत्र म्हणालं. "आम्हाला कळवलं नाही."

लग्न झालेलंच नव्हतं. यंत्र फुगलं आणि पडदा काळा झाला.

परीक्षेत मदत करायची नाही, हा बिराजदारांचा कडक नियम होता. पण पोरीचे डोळे भरून आलेले त्यांना बघवेनात.

"माझी बहीण असते की सोलापुरात," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आपलं उगं सांगायलोय. परीक्षेशी काय संबंध न्हाई."

निशिगंधानं डोळे पुसले. "सर, तुम्हाला मामा म्हटलं तर चालेल?"

"म्हण की."

मामाची बहीण म्हणजे मावशी, हे तिला या वेळी झटकन सुचलं. "मामा, सोलापूरच्या मावशींकडे जायचं राहूनच गेलंय बघा."

"मग आधी नाही का सांगायचं!" यंत्र खुललं आणि रेघ उमटली.

उड्डाण झकास झालं. सोलापूरला उतरल्यावर, मावशींकडे जेवल्याशिवाय निघायचं नाही असं यंत्रानं बजावलं. म्हणून दोघं भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन परत आली.

शाळेत बिराजदारांनी शेरा लिहायला पेन काढलं आणि ते थबकले. परीक्षक उमेदवाराच्या नात्यातला चालत नाही. आणि ते तर सख्खे मामा होते.

"मग नातं तोडा," निशिगंधा कळवळून म्हणाली.

"नातं कसं तुटतंय? जन्माचं असतंय ते."

"नातं तुटत नाही, बोलणं तुटतं," कॅप्टन शेवडे म्हणाले. "ज्याच्याशी बोलणं नाही असा नातेवाईक नियमात बसतो."

बिराजदारांनी घसा साफ केला. "तू निघताना माझ्या बहिणीच्या पाया पडली न्हाईस."

"आणि तुम्ही मला दुसरी भाकरी घे म्हणालात का? मामा ना तुम्ही?"

"दुसरी? तिसरी चाललेली तुझी!"

"माझ्या भाकरी मोजता?"

आवाज एवढे चढले की विमानं दुरुस्त करणारी माणसं हातातली कामं टाकून धावत आली. बिराजदारांनी तोंड फिरवलं, 'उत्तीर्ण' असं लिहिलं आणि कागद शेवड्यांच्या हातून तिला दिला.

तो अबोला दोघंही आजपर्यंत इमानानं पाळतात. एक शब्द जरी बोलली तरी परवाना रद्द होईल. दोघांनाही त्याचं फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षी निशिगंधाचं लग्न झालं. मामांची जागा तिच्या पाठीमागे, म्हणून बिराजदार तिथे येऊन उभे राहिले, पण तिच्याकडे पाठ करून. अक्षता त्यांनी खांद्यावरून मागे टाकल्या. बऱ्याचशा तिच्याच डोक्यावर पडल्या.