जप्त मालाचं प्रात्यक्षिक

खारघरच्या हरितकुंज सोसायटीचे मानद सचिव सुधीर टिपणीस यांनी क्लबहाऊसमधलं व्हिडिओ गेमचं यंत्र जप्त केलं, तेव्हा त्याचा रीतसर पंचनामा केला. काळा डबा एक, वायर दोन, हातात धरायचे रिमोट दोन. खाली सही आणि सहीवर सोसायटीचा शिक्का. तो शिक्का ते खिशात घेऊनच फिरत. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस निवृत्त झाला तरी शिक्क्यावाचून त्याला जेवण जात नाही.

यंत्र क्लबहाऊसला दिलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या प्रसादने. वय चौतीस, नोकरी चांगली, लग्न झालेलं, आणि हा बाप्या रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून सशांना गाजरं लावून द्यायचा. टिपणीसांना ते बघवेना.

"पोरांचं एक वेळ समजू शकतो," ते म्हणाले. "पण तुला लाज नाही वाटत? मारामारीचा तरी गेम खेळ. हे ससे काय?"

"काका, फॅमिली गेम आहे. मारामारी ऑफिसात असतेच की दिवसभर, म्हणून तर हा खेळतो. तुम्ही अर्धा तास खेळून बघा."

"मी?" टिपणीस कुत्सित हसले. "माझे दुधाचे दात पडून पंचावन्न वर्षं झाली."

खरं कारण सशांचं नव्हतंच. वार्षिक सभा सव्वा महिन्यावर आली होती आणि सात वर्षं बिनविरोध सचिव असलेल्या टिपणीसांसमोर यंदा चौथ्या मजल्यावरची राजेश्वरी उभी राहणार होती. त्यामुळे काहीतरी काम केलेलं दिसणं भाग होतं. सात वर्षांत त्यांनी केलेलं काम म्हणजे तक्रारींचं एक जाडजूड रजिस्टर. प्रत्येक तक्रारीपुढे त्यांच्या वळणदार अक्षरात 'नोंद घेतली' एवढंच. सातव्या मजल्यावरच्या दमयंतीबाईंच्या स्वयंपाकघरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी गळत होतं. त्यांच्या एकट्यांच्या नावावर अकरा नोंदी होत्या.

"भाऊ, माज्या शेगडीवं पानी परतं," दमयंतीबाई सांगायच्या.

"नोंद घेतली आहे."

"नोंद काय डोक्यावं धरू? छत्री घेऊन भाकऱ्या भाजतंय मी."

टाकी दुरुस्त करायची तर गच्चीवर चढावं लागतं. बंदी घालायला खुर्चीतून उठावंसुद्धा लागत नाही. टिपणीसांनी त्याच दिवशी सभेची विषयपत्रिका लिहून सगळ्या सभासदांना वाटून टाकली. विषय क्रमांक सहा: जप्त यंत्राचे सर्वांसमक्ष प्रात्यक्षिक व कायमच्या बंदीचा ठराव. एकदा वाटलेल्या पत्रिकेत काना-मात्रेचाही बदल होणार नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि सात वर्षं लोकांच्या तोंडावर फेकला होता.

मग यंत्र घरी आलं. "ही ब्याद कशाला आणली?" बायकोने, सुचित्राबाईंनी विचारलं.

"पाहणी अहवाल लिहायचा आहे."

गेमने आधी नाव विचारलं. टिपणीसांनी सवयीने 'मानद सचिव' असं टाकलं. टोपी घातलेला एक ससा पडद्यावर आला, अदबीने वाकला आणि म्हणाला की माझं छप्पर गळतंय, दुरुस्त करून द्याल का? खाली उत्तरासाठी दोन बटणं होती. एकावर 'येस' आणि दुसऱ्यावर 'ऑफ कोर्स'. टिपणीसांनी तिसरं बटण दहा मिनिटं शोधलं. 'नोंद घेतली' कुठेच नव्हतं. बटण दाबल्याशिवाय ससा हलेना, आणि सशाशिवाय अहवाल पुढे सरकेना. शेवटी नाक मुरडत त्यांनी 'येस' दाबलं, पडद्यावरच्या रानातून लाकडं आणली आणि छप्पर शाकारलं. सशाने टुणकन उडी मारली, त्यांच्या हातावर तीन गाजरं ठेवली आणि 'थँक्यू' म्हणाला.

टिपणीसांनी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे ते त्यांनाच होतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत आणि सात वर्षांच्या सचिवगिरीत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. म्हणावं असं त्यांनी काही केलं नव्हतं हा भाग वेगळा.

अहवाल काही लिहून होईना. रोज पाहणी व्हायची, रोज थोडी बाकी राहायची. साळिंदराची विहीर झाली, खारीचा पाळणा झाला.

"आपल्या मोरीतला नळ महिनाभर गळतोय," सुचित्राबाई म्हणाल्या.

"रविवारी बघू. आज अस्वलाचा पूल पुरा करायचाय."

"अस्वलाचा?"

"अगं, त्याची पिल्लं शाळेत जातात त्यावरून," टिपणीस कळवळून म्हणाले. सुचित्राबाई मोरीत गेल्या. त्यांनी नळाखाली बादली लावली.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी टिपणीसांच्या एकदम ध्यानात आलं. उद्या प्रात्यक्षिक, आणि यंत्रात त्यांचा अख्खा गाव वसलेला. तो दिसला की सचिवपद गेलंच. पुसून टाकलं की सगळं निभावत होतं. त्यांनी पुसायचं बटण शोधून काढलं. पडद्यावर प्रश्न आला: ससा तुम्हाला विसरून जाईल, चालेल ना? म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज एका काना-मात्रेसाठी परत पाठवणारा हा माणूस. त्याचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. दोन मिनिटं दाखवू आणि बंद करू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सभेत पाच विषय भराभर उरकले. सहावा पुकारल्यावर टिपणीस म्हणाले, "वेळेअभावी प्रात्यक्षिक वगळू या."

"पत्रिकेत बदल होत नाही ना, काका?" राजेश्वरीने गोड आवाजात विचारलं.

प्रसादने वायर जोडली. भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर अक्षरं झळकली: वेलकम बॅक, मानद सचिव. आज तुमचा सलग सदतिसावा दिवस. पाठोपाठ ससे, साळिंदरं, अस्वलं झेंडे घेऊन गोळा झाली आणि चौकात एक फलक उघडला. आलेल्या तक्रारी एकशे बारा, सोडवलेल्या एकशे बारा. पहिलीच: सशाचं गळकं छप्पर.

मग दमयंतीबाई उठल्या. "या सशाचं छप्पर किती दिसांत केलंस रे भाऊ?"

प्रसादने रिमोटवर दोन-चार बटणं दाबून पाहिलं. "सहा मिनिटांत, मावशी."

राजेश्वरीने चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. तिने त्याची शांतपणे घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"तो अदबीने वाकतो, तीन गाजरं देतो, थँक्यू म्हणतो," टिपणीस पुटपुटले. आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं, आणि मग सगळं क्लबहाऊस हसलं. मतदानात टिपणीसांना एक मत पडलं. ते कुणाचं हे विचारायची गरज नव्हती.

राजेश्वरीने शिक्का घेतला, रजिस्टर घेतलं आणि यंत्रही घेतलं. बंदीचा ठराव करायचा तर आधी नीट पाहणी नको का? पंधरा दिवसांनी दमयंतीबाई टाकीचं विचारायला तिच्याकडे गेल्या. आतून सशांची पिपाणी ऐकू येत होती. राजेश्वरीने दार बोटभर उघडलं. "मावशी, नोंद घेतलीय. बीव्हरचं धरण फुटलंय, उद्या बोलू."

दमयंतीबाईंनी दिवाळे गावच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकली होती. माणसाचं पाणी त्या लांबून ओळखायच्या. त्या बाजारात जाऊन आल्या आणि येताना टिपणीसांच्या दारात थांबल्या. बंद टीव्हीसमोर टिपणीस हात मांडीवर ठेवून बसले होते. दमयंतीबाई अदबीने वाकल्या. "भाऊ, माजं छप्पर गलतंय. करून देशील का?"

रजिस्टर आता माझ्याकडे नाही, असं सांगायला टिपणीसांनी तोंड उघडलं. पण त्यांना दोनच उत्तरं आठवली.

"येस," ते म्हणाले.

दुपारी दत्तू प्लंबर गच्चीवर होता आणि पाना धरून शेजारी टिपणीस उभे होते. टाकीचा एक वायसर बदलायचा होता. त्यासाठी दोन वर्षं छत्रीखाली भाकऱ्या. खाली आल्यावर दमयंतीबाईंनी पिशवीतून तीन गाजरं काढून त्यांच्या हातावर ठेवली. "थँक्यू," त्या म्हणाल्या, आणि हसू दिसू नये म्हणून तोंडाला पदर लावून आत गेल्या.

टिपणीसांनी ती गाजरं धुऊन, पुसून फ्रिजमध्ये ठेवली. कोशिंबिरीला देईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून मजल्यामजल्यावर बेल वाजवत फिरले. "तुमच्याकडे काही गळतंय का हो?" लोक दाराच्या फटीतून बघत आणि नाही म्हणत. टिपणीस हिरमुसून घरी परतले.

मोरीतून टपटप ऐकू येत होतं. सुचित्राबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग फ्रिज उघडला, तीच तीन गाजरं हातात घेतली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्यासमोर कमरेतून वाकल्या.

"माझा नळ गळतोय," त्या म्हणाल्या.

"ऑफ कोर्स," टिपणीस म्हणाले, आणि पाना शोधायला धावले.