देवरावांचे पाव्हणे

आमच्या शेजारचे देवरावभाऊ घड्याळ बघून खोकतात. खोकला आला म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून. गप्पा ऐन रंगात आलेल्या असोत की तोंडाशी घास असो, ते हात वर करून सगळ्यांना थांबवतात, रुमाल धरून शिस्तीत खोकतात आणि "हं, बोला आता" म्हणतात. पुसदच्या आमच्या गल्लीत त्यांच्या खोकल्यावर कुकर बंद करणाऱ्या बायका आहेत.

मुलांनो, हा चक्रमपणा नाही. देवरावांची दोन्ही फुफ्फुसं निकामी झाली होती. हैदराबादेत त्यांना दुसऱ्या कुणाची तरी बसवली. बसवताना नसा तुटतात, त्यामुळे आत काही अडकलं तरी वर खबर येत नाही. म्हणून ठरवून खोकायचं.

चक्रमपणा पुढे आहे.

शरीर या परक्या अवयवाला नाकारू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा देवरावांनी लावलेला अर्थ असा, की पाव्हणे राहायला आलेत आणि घरचे त्यांना हाकलायला बघतायत. तेव्हापासून ते घरच्यांना, म्हणजे स्वतःच्या शरीराला, दम देत असतात. पोट गुरगुरलं की त्यावर थाप मारतात. "गप बस. वरच्या खोलीत पाव्हने हायेत." सकाळी फिरायला निघताना छातीवर हात ठेवून अदबीने विचारतात, "निंगाचं का, पाव्हने?" कुसुम, त्यांची बायको, एकदा मला म्हणाली, "काकू, लग्नाले इतके वर्षं झाले, मले कधी इचारलं नाई हो यायनं असं!"

फिरायला जाण्याआधी आणि फिरून आल्यावर ते एका नळीत जोरात फुंकतात. श्वासनळ्या किती मोकळ्या आहेत, हे तिच्यावरच्या काट्यावरून कळतं. इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे असल्याने काट्यावर माझीही नजर असते.

श्रावणात तो काटा घसरला. चालायच्या आधी ठीक होता, चालून आल्यावर खाली. पुसदच्या डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "श्रमाने श्वासनळ्या रुंदावायला हव्यात, तुमच्या आवळल्या. पोळ्याच्या दिवशी सकाळी या, चालवून पुन्हा बघू. पुन्हा घसरला तर तिथूनच हैदराबादला भरती व्हायचं."

"आन नाई घसरला तं?"

"तर जा पोळ्याला. मास्क लावून, लांब उभं राहून. जनावराला हात लावायचा नाही."

देवराव मूळचे महागावकडचे शेतकरी. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली ओळीने उभे करतात आणि माणसं आळीपाळीने खड्या आवाजात झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून म्हटलेल्या ओळी, बहुतेकदा टोमणाच. देवरावांच्या झडतीला गावात जोड नव्हती. दम लागायला लागला तशी झडती बंद झाली आणि ऑपरेशनच्या आधी बैलजोडीही धाकट्या भावाला, शंकरला, देऊन टाकली. यंदा झडती म्हणायचीच, म्हणून ते हट्टाला पेटले होते.

पोळ्याच्या सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासायला सदरा वर केला आणि त्या मागेच सरकल्या.

"कावीळ? कधीपासून?"

छाती गळ्यापासून बेंबीपर्यंत पिवळीजर्द होती.

"कावीळ नाई मॅडम," देवराव म्हणाले. "आवतन देल्लं काल."

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. त्यांना मी समजावून सांगितलं, की पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. यांच्याकडे आता बैल नाहीत. मग वर्षभर ओझं ओढलं कुणी? पाव्हण्यांनी. म्हणून छातीलाच हळद-लोणी.

"खांदा कोनता, छाती कोनती, मी म्हनलं होतं यायले," कुसुम पुटपुटली. "पन आयकन कोन!"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि फुंकायला सांगितलं. मग जिना चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. देवराव घामाने निथळले, हळद सदऱ्यावर उतरली. त्यांनी पुन्हा नळी तोंडाला लावली. कुसुमने माझं मनगट इतकं आवळलं, की बांगडी रुतली.

काटा वर गेला. आधीपेक्षा वर.

"छान! नळ्या मोकळ्या झाल्या."

"पन नसा तं तुटल्या ना? मंग आतमंदी सांगतलं कोनं?"

"रक्तातून निरोप जातो. श्रम सुरू झाले, की शरीरच तो पाठवतं."

देवराव टेबलावर हात आपटून ओरडले, "म्हंजे घरच्यायनंच पाव्हन्यायले वाट करून देल्ली! पटलं बाप्पा एकदाचं!" बाहेर बसलेले पेशंट दारात गोळा झाले.

गावाकडे जाताना गाडीत त्यांनी छातीवर हात ठेवला. मला वाटलं, थकले. मग म्हणाले, "काकू, हवा त्या मानसाच्या छातीतून येते. मंग आवाज कोनाचा म्हनाचा?"



गावात तोरणापासून दूर, देवळाच्या ओट्यावर ते मास्क लावून उभे राहिले. डफडं थांबलं. कुणीतरी खालून डिवचलं, "काहून देवरावभाऊ, बॅटरी चार्ज हाये ना?"

देवरावांनी छाती भरून घेतली.

"नसा आल्या तुटून, पाव्हने आले छातीत,
जिना चढून उतरलो, जीव नाई भीतीत!"

मास्कमधूनही आवाज तोरणापार गेला. "हर हर महादेव!" अख्खं गाव गरजलं. आणि ओळीतल्या एका पांढऱ्या बैलाने मान वळवली. कान टवकारले, पुढचे पाय रोवले आणि हिसडा देऊन तो ओळीबाहेर पडला. दोरीला लोंबकळणारा धाकटा भाऊ शंकर मागून ओरडत होता, "अरे हिऱ्या, तिकडं कायले जातं बे! तोरन इकडं हाये!" झुलीचे आरसे, रंगवलेली शिंगं, बाजूला पळणारी माणसं, आणि तो सरळ ओट्याच्या दिशेने.

कुसुम किंचाळली. देवराव हलले नाहीत. त्यांनी नुसता मास्क घट्ट दाबला आणि बैल थांबवताना म्हणतात तसं हळूच म्हणाले, "हो रे... हो."

हिऱ्या थांबला. मधे चार हात जागा उरली होती. देवरावांनी हात पाठीमागे बांधून घेतले आणि फुफ्फुसं बसवल्यापासूनची सगळी हकिकत त्याला सांगायला सुरुवात केली. तोरण तोडून पोळा फुटला, बाकीचे बैल पूजेला घरोघर गेले, तरी हिऱ्या कान हलवत ऐकत उभा होता.