ललिताबाईंची जपानी सवय

बाईमाणसाने काय पाहावे, या प्रश्नाचा बाईमाणूस सोडून सर्वांनी सखोल अभ्यास केलेला आहे. मेडशीकडच्या एका वाडीतल्या ललिताबाई मात्र अभ्यासावाचूनच पाहत सुटल्या.

त्यांचा भाऊ रामकिसन याने वाशीमचे सीडी भाड्याने देण्याचे दुकान बंद केले, तेव्हा कोणीच न नेलेल्या सतरा जपानी सीड्या बहिणीला दिल्या. हे गुन्हेपट थेटरात लागलेच नव्हते. जपान्यांनी ते घरी बसून पाहण्यासाठीच काढले होते. प्रत्येकात मुख्य काम बाईचे. पोलीस असो की सूड उगवणारी, छडा तीच लावते. पुरुष (दर सिनेमी सरासरी नऊ) मुख्यतः पळतात.

जपानी कोणालाच येत नसल्यामुळे समजायला अडचण आली नाही. शेजारची वच्छला विचारायची, "थे काय म्हणून राह्यली वं?"

ललिताबाई सांगायच्या, "म्हणते, मी इथून हालत नाही."

इकडे तीन महिने राशन दुकानदार हरीओम त्यांना परत पाठवत होता. मशीन अंगठा घेत नव्हते. शेतातल्या निंदणात रेषा झिजल्या होत्या (मशीन सरकारी असल्याने दोष अंगठ्याचा). घरात उसन्या पिठाच्या भाकरी चालल्या होत्या.

एका सकाळी ललिताबाई खुर्ची घेऊन गेल्या आणि त्याच्या काट्यासमोर बसल्या. त्याच्याकडे टक लावून पाहू लागल्या. थोड्या वेळाने वच्छला आली. दुपारपर्यंत सिनेमे पाहायला येणाऱ्या बायांच्या मिळून अकरा खुर्च्या झाल्या. हरीओमला घाम फुटला.

"मावशी, काहून अशा पाहून राह्यल्या मले?"

"पाय बरं, आता उमटते का अंगठा."

पहिल्याच दाबाला उमटला. (यास तांत्रिक सुधारणा म्हणतात.) घरी आल्यावर ललिताबाईंनी राशनचे पोते खाली टाकले. मग त्या आणि वच्छला पोत्यावरच बसून पोट दुखेस्तोवर हसल्या.

ग्रामसभेने तातडीने पाच पुरुषांची चौकशी समिती नेमली. समितीने एकोणीस दिवस सर्व सिनेमे पाहिले. एक तर, केवळ खात्रीसाठी, चारदा. अहवाल स्पष्ट आहे: हे चित्रपट पाहणाऱ्या बाया घातक आहेत, त्यांचे राशन वेळेवर द्यावे. मात्र त्यांच्याविषयी जे नुसते वाचतात, गालात हसतात आणि पान उलटतात, त्यांच्यापासून कोणत्याही दुकानदाराला काडीचा धोका नाही.

आपण निर्धास्त घरी जावे.