झुकिस्वाची सपाट रेघ

झोपेचं हार्मोन धातूंना घट्ट धरून ठेवतं, आणि शुक्रवारी आपण ते प्रोफेसरांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करणार, असं त्यांची संशोधक विद्यार्थिनी झुकिस्वा हिने सगळ्या विभागाला ऐकवून ठेवलं होतं. प्रोफेसर मासेतींचा यावर काडीचाही विश्वास नव्हता. प्रयोग फसला तर विषय बंद, असं त्यांनी चहा ढवळत सांगून टाकलं होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या मखांडा गावात नळ कोरडे पडले होते, पण प्रयोगशाळेच्या कॅनमध्ये शुद्ध पाणी होतं. तिला कसली फिकीर! पाण्यात मोकळा धातू असला की यंत्राच्या पडद्यावरची रेघ उंचावते. आधी नुसतं पाणी, म्हणजे सपाट रेघ. मग जस्त, म्हणजे उंचवटा. मग हार्मोन, की उंचवटा गायब. इतकं सोपं.

शुक्रवारी तिने नुसतं पाणी ओतलं आणि पडद्यावर भलामोठा उंचवटा उभा राहिला.

भांडी नीट विसळत जा, प्रोफेसर म्हणाले. तिने त्याच कॅनमधल्या पाण्याने भांडी खसाखसा धुतली. उंचवटा जागचा हलला नाही. दारात जमलेले विद्यार्थी गालातल्या गालात हसू लागले. प्रोफेसरांनी कप उचलला आणि दुसरा विषय शोधायला सांगितलं.

झुकिस्वाचं डोकं सणकलं.

"नाही शोधणार," ती म्हणाली. "हा उंचवटा बरोब्बर जस्ताच्या जागी आलाय. म्हणजे तुमच्या शुद्ध पाण्यात जस्त आहे. कुठून आलं ते देव जाणे, पण माझं हार्मोन ते धरणारच."

तिने हार्मोन टाकलं. उंचवटा बसत बसत दिसेनासा झाला.

"अगं, पण कॅनमध्ये जस्त येईलच कसं?" प्रोफेसर म्हणाले, आणि कप त्यांच्या ओठांपाशीच थांबला.

सगळे त्या कपाकडे बघत राहिले. गावात पाण्याचा ठणठणाट, पण साहेबांचा चहा एक दिवस चुकला नव्हता! कॅनमधलं पाणी साहेब किटलीत ओतायचे, आणि कुणाला कळू नये म्हणून कॅन मागच्या टाकीतून भरून ठेवायचे. टाकीत पावसाचं पाणी यायचं छपरावरून, आणि छप्पर जस्त चढवलेल्या पत्र्याचं.

आमच्याकडे बाईला कुळाच्या नावाने हाक मारतात ती मान द्यायला, नाहीतर काम काढून घ्यायला. झुकिस्वाच्या कुळाचं नाव घेत प्रोफेसर हळूच म्हणाले, "माभेले, विषय तुझाच. फक्त ही गोष्ट बाहेर जायला नको."

"नाही जाणार," झुकिस्वा ताठ मानेने म्हणाली. "पण आजपासून किटली माझ्या ताब्यात."

"घे की. तसाही रोजचा दुसरा कप तुझाच असतो."

दारात हशा पिकला. झुकिस्वाने मान तसूभरही खाली केली नाही.

"मी चहा नुसता प्यायले," ती म्हणाली. "कॅन मी नव्हता भरला."