इंजिन नंबर अठरा हजार एकशे आठ

"या गाडीचं इंजिन बदललेलं निघालं, तर ही मिशी उतरवून तुमच्या हातात ठेवीन!"

आप्पांनी हे असं काही ठणकावलं, की टेबलावरच्या कपबशा थरथरल्या. ती मिशीही साधीसुधी नव्हती बरं का! आप्पांच्या लग्नाच्या फोटोत नवरी अर्धीच आली आहे, पण मिशी दोन्ही टोकांसकट पुरती आली आहे.

समोर मामा बसले होते. मामा म्हणजे आप्पांच्या पत्नीचे, माईंचे, धाकटे भाऊ. पेशाने गॅरेजवाले. गेली एकतीस वर्षं भेट झाली की त्यांचं पालुपद ठरलेलं. "भाऊजी, गाडी झकास आहे हो. पण इंजिन काही मूळचं वाटत नाही बुवा!"

एकतीस वर्षं ऐकून घेतलं आप्पांनी. आज मात्र कडेलोट झाला.

"आणि मूळचं निघालं तर? तर तुम्ही काय कराल?"

"मी डोक्यावरचे सगळे केस काढीन!" मामा म्हणाले. मामांच्या डोक्यावर केस होते सात. तरीही आप्पांनी टाळी दिली. माणूस इरेला पेटला की मोजदाद करत नाही.

गाडी होती निळी, गोल दिव्यांची, नाकीडोळी नीटस. नवी नोकरी, नवा संसार आणि ही कोरी गाडी, सगळं एकाच वर्षातलं. तेव्हापासून आप्पांचा नेम होता. पहाटे अंघोळ करायची आणि तोंडात चहाचा घोट जाण्याआधी स्वच्छ फडक्याने गाडी पुसायची. ताप आला, नेम चुकला नाही. पाय मोडला, तरी नेम चुकला नाही. आप्पा खुर्चीत बसून पुसायचे आणि माई ती खुर्ची गाडीभोवती ढकलत न्यायच्या. अशा भक्ताच्या दैवताला कुणी खोटं म्हटलं तर त्याने का ऐकून घ्यावं?

त्यात जुन्या गाड्यांच्या संघाचं प्रदर्शन आलं होतं. अस्सल गाडीला संघ तसं प्रमाणपत्र देणार होता, आणि त्यासाठी संघाच्या परीक्षकबाई रविवारी दुपारी चार वाजता घरी येणार होत्या.

"त्या यायच्या आधी आपणच इंजिनाचा नंबर बघून ठेवू," रविवारी सकाळी बाह्या सरसावत आप्पा म्हणाले.

"इंजिनाचाच ना?" माईंनी दारातून हळूच विचारलं. "फक्त इंजिनाचाच बघायचाय ना?"

"मग काय, स्टेपनीचा बघू?"

माई आत गेल्या आणि त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

बॉनेट उघडलं. आणि पहिलीच पंचाईत! नंबर असतो कुठे, हेच आप्पांना माहीत नव्हतं. रोज पुसलेल्या देवाचा तीळ कुठे आहे हे भक्ताला ठाऊक नसावं, तसली गत! मामांना विचारावं तर ते आभाळाकडे बघत म्हणाले, "हल्ली जुन्या गाड्या माझ्याकडे येत नाहीत हो." शेवटी गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं : ब्लॉकच्या डाव्या अंगाला, खाली, कार्बोरेटरच्या मागे.

म्हणजे अशा जागी, की तिथे हात गेला तर डोकं जात नाही आणि डोकं गेलं तर परत येत नाही! आप्पांचं गेलं. परत काढायला मामांनी पाय धरले, तेव्हा कुठे सुटका झाली.

"नंबर नाहीच तिथे!" आप्पा धापा टाकत म्हणाले. "सगळं गुळगुळीत आहे!"

गुळगुळीत असणारच! दर वर्षी आप्पा स्वतःच्या हाताने इंजिनाला निळ्या रंगाचा एक हात देत. तीस-बत्तीस थरांखाली तो नंबर पांघरूण घेऊन गाढ झोपला होता.

"कानस मारतो की दोन," मामा म्हणाले.

"खबरदार! कानशीची एक रेघ दिसली तरी बाई म्हणतील, नंबर खोडलाय. मिशी माझी आहे, तुमची नाही!"

"तुम्ही दोघं बाजूला व्हा बरं," मागून आवाज आला. "हे काम नाजूक आहे."

हे जावईबापू. सहा महिन्यांपूर्वी झालेले जावई आणि सहा वर्षांपूर्वी झालेले दातांचे डॉक्टर. सासऱ्यांवर छाप पाडायची संधी ते केव्हापासून शोधत होते. कपाळाला दिवा, हातात मोजे, तोंडाला फडकं, शेजारी हत्यारांचा चकचकीत ट्रे. डॉक्टर इंजिनावर वाकले.

"हं, मोठा आ करा... म्हणजे, बॉनेट जरा अजून वर घ्या."

दातांवरचं कीटण काढावं तसा त्यांनी रंगाचा एकेक थर अलगद काढला. आप्पा खाली आडवे होऊन बॅटरी धरून होते.

"दुखलं तर हात वर करा," डॉक्टर सवयीने म्हणाले.

आप्पांनी लगेच हात वर केला. डॉक्टरांचा पाय त्यांच्या दुसऱ्या हाताच्या बोटांवर होता.

तासाभराने डॉक्टरांनी जाहीर केलं, "बोटाला आकडे लागतायत! पण दिसत नाहीत. आरसा आत घातला की तेलाने आंधळा होतो. आता एकच उपाय. ठसा घ्यायचा."

कवळीसाठी हिरड्यांचा ठसा घेतात तो गुलाबी लगदा त्यांनी वाटीत कालवला आणि त्या सांदीत दाबून बसवला. "आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही!" सांगितलं. कुणी बोललं नाही. वास्तविक तोंडात लगदा होता तो इंजिनाच्या!

पाच मिनिटांनी गुलाबी वडी बाहेर आली. तिच्यावर पाच आकडे स्पष्ट उठले होते. डॉक्टरांनी दिव्याखाली धरून वाचले, "आठ... शून्य... एक... आठ... एक!"

आप्पांनी घाईघाईने गाडीचं नोंदणीपुस्तक उघडलं. तिथे छापलं होतं : एक, आठ, एक, शून्य, आठ.



"असं कसं होईल?" मामाच ओरडले. "इंजिन तर तेच..." आणि त्यांनी कचकन जीभ चावली. खरं तर त्यांनी नाचायला हवं होतं. पण ते लक्षात यायला आप्पा भानावर कुठे होते?

"शब्द म्हणजे शब्द," आप्पा पुटपुटले. ती वडी मुठीत धरून ते न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली.

"अहो, ऐका ना!" माई बाहेरून दार ठोठावत होत्या. "एवढ्यातेवढ्यासाठी मिशी काय काढायची! उघडा बघू! मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय!"

"काही सांगू नकोस! बेचाळीस वर्षांची सोबत आहे, मला एकट्याला निरोप घेऊ दे तिचा!"

आप्पांनी साबण फेसाळला. मिशीवर पांढरा डोंगर उभा राहिला. वस्तरा उचलला, आणि शेवटचं एकदा त्या गुलाबी वडीला खडसावावं म्हणून ती तोंडासमोर धरली. "याचसाठी पुसत आलो होय रे तुला?"

समोरच्या आरशात वडी दिसली. वडीवरचे आकडे दिसले.

एक. आठ. एक. शून्य. आठ!

न्हाणीघराचं दार असं उघडलं की माई भिंतीला टेकल्या. आप्पा तसेच फेसासकट धावत सुटले. "जिंकलो! आरशात बघा! अहो, आरशात बघा!"

जावईबापूंनी कपाळावर हात मारला, तो नेमका दिव्यावर. "ठशात सगळं उलटंच येतं की हो! आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मग कवळी सुलट होते. आज प्लास्टरच विसरलो!"

"तुम्ही दात काढायला गेलात आणि माझी मिशी काढली असतीत!" आप्पा गरजले. पण लगेच त्यांनी जावयाला मिठी मारली. जावयाच्या खांद्यावर अर्धा डोंगर उतरला.

चारच्या ठोक्याला परीक्षकबाई आल्या. सडपातळ, कमी बोलणाऱ्या, खांद्याला पिशवी. आप्पांनी पुढे केलेली गुलाबी वडी त्यांनी दोन बोटांनी बाजूला ठेवली. पिशवीतून लवचिक दांड्याची बॅटरी आणि लांब दांड्याचा आरसा काढला. अर्ध्या मिनिटात मान हलवली.

"अठरा हजार एकशे आठ. शिक्का कारखान्याचा, घडण त्याच सालची. इंजिन अस्सल आहे."

अहाहा! आप्पांची छाती अशी फुगली की शर्टाचं दुसरं बटण कामावरून गेलं. "ऐकलंत मेहुणे? अस्सल! एकतीस वर्षं! काढा ते सात केस!"

"हरलो! मान्य! साफ हरलो!" मामा घाईघाईने म्हणाले. हरल्यावर इतका खूश होणारा माणूस आप्पांनी प्रथमच पाहिला. "चला बाई, चहा घेऊ. काम झालं. ताई, चहा टाक!"

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर."

"तो कशाला? चासी कुणी बदलतं का?" आप्पा हसले. "बघा, बघा! अगदी निवांत बघा!"

आत कपबशी फुटली.

बाईंनी चालकाच्या पायाखालची चटई उचलली. आप्पांनी गाडीचं अंग अन् अंग पुसलं होतं, पण पायाखालची चटई घट्ट बसवलेली, ती कोण उचलतो? बाईंनी बॅटरी मारली. पुस्तक बघितलं. पुन्हा बॅटरी मारली.

"हा नंबर तुमच्या पुस्तकात नाही. इंजिन या पुस्तकातलं आहे. बाकीची गाडी दुसरीच कुठली तरी आहे."

आप्पांनी मामांकडे पाहिलं. मामांनी दारात आलेल्या माईंकडे पाहिलं. माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्यांच्या त्या कायमच्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगणारच होते. योग्य वेळ येत नव्हती."

"एकतीस वर्षांत?"

"तुम्ही तीन महिने कामासाठी परगावी गेला होतात ना, तेव्हा म्हटलं, गाडी चालवायला शिकून घ्यावं. तुम्हाला आनंद होईल. मागे घेत होते, तर तो पाण्याचा हौद मध्ये आला."

"हौद आला?"

"गाडी मागून पोटापर्यंत मिटली हो, छत्रीसारखी! इंजिन तेवढं पुढे होतं म्हणून वाचलं. मग याच्या गॅरेजात एक अशीच निळी गाडी पडून होती..."

"तिचं इंजिन गेलेलं होतं," मामांनी खाली बघत जोड दिली. "दोघींची मिळून एक केली."

आप्पांच्या डोक्यात एकतीस वर्षं भराभर उलटी फिरली. "म्हणूनच परत आलो तेव्हा सीट वेगळी लागली! आणि तू म्हणालीस, तुम्ही बारीक झालात!"

"झालाच होतात थोडे."

"आणि तुम्ही? एकतीस वर्षं इंजिन, इंजिन करत होता ते?"

"तुम्ही इंजिनाकडे बघत राहावं म्हणून," मामा म्हणाले. "राहिलात की!"

परीक्षकबाईंनी शांतपणे प्रमाणपत्र लिहिलं. 'इंजिन : अस्सल. गाडी : नाही.' आप्पांनी ते घेतलं, दोनदा वाचलं, आणि बरोबर मधून घडी घालून असं चौकटीत बसवलं की वरची ओळच दिसावी. मामांचे सात केस त्याच संध्याकाळी गेले. मिशी जागच्या जागी राहिली, उलट तिला तेल लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा फडकं घेऊन गाडीपाशी आले. नेम म्हणजे नेम! त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन मनोभावे पुसलं, बॉनेट लावलं आणि फडकं माईंच्या हातात दिलं.

"माझं पुसून झालं. बाकीची तुझी."

माईंनी फडकं घेतलं आणि पुढच्या दिव्यांपासून पुसायला सुरुवात केली. मागच्या चाकापाशी आल्यावर त्या जरा थबकल्या. तिथला एक जुना पोचा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला.

तो हौदाचा नव्हता. पण त्याची योग्य वेळ अजून आली नव्हती.